पायाला लावलेले हात

आमच्या जालन्यात कोणी 'बँकॉकला चाललो' म्हणालं की ऐकणारा आधी गालातल्या गालात हसतो आणि मग विचारतो, कधी निघायचं. हे गाव बियाण्यांचं. नवीन जालन्यात स्टेशनकडून पायी निघालात तर एकाआड एक पाटी बियाण्यांच्या कंपनीची दिसते. या कंपन्यांची एक रीत आहे. दुकानदारानं हंगामात ठरलेला माल उठवला की त्याला फिरायला न्यायचं. लहान दुकानदाराला गोवा, मोठ्याला बँकॉक. न्यायचं ते एकट्याला. बायकोनं इस्त्रीचे शर्ट आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत भरून द्यायची, आणि तो परत आला की बामच्या डब्या अन् सेंटच्या बाटल्या घेऊन गप बसायचं. काही विचारायचं नाही. विचारलं तर 'कंपनीची मीटिंग होती' हे उत्तर ठरलेलं.

माझा नवरा असा तीनदा जाऊन आला. अंबड रोडला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात मी त्याला अहो-जाहो करते. इथं लिहिताना मात्र 'तो' म्हणते आहे, आणि खरं सांगू, मला त्यात बरं वाटतंय.

मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमच्या मॅडम लोकांना ऊत यायचा. "सर बँकॉकला गेले म्हणे? एकटेच?" त्या 'एकटेच'ला असा हेल काढायच्या की वाटायचं, डब्याचं झाकण फेकून मारावं. पण मी कधी मान खाली घातली नाही. ठणकावून सांगायची, "आमचे हे तिथं बुद्धाच्या दर्शनाला जातात. सोन्याचा झोपलेला बुद्ध आहे तिथं. तुमचा दीरपण जातो ना त्याच टूरला, त्याला विचारा, त्यानं काय बघितलं ते." आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्यांना माहीत. मग पुढं कुणाला बोलता यायचं नाही. भाजीची वाटी इकडून तिकडे सरकायची आणि विषय पगारावर जायचा.

हे मी नुसतं तोंडावर फेकायला म्हणत नव्हते. माझा त्याच्यावर विश्वास होता. कारण पहिल्या टूरहून आल्यावर त्यानं जे सांगितलं होतं, ते माझ्यासमोर, माझ्या आईला सांगितलं होतं.

आई माझ्या भावाकडं राहते, अंकुशनगरच्या पुढं, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात. जन्मभर तिनं दुसऱ्याच्या उसात खुरपणं केलं. गुडघे चालत होते तोवर दर दसऱ्याला भाकरी बांधून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. गुडघे गेले आणि जाणं थांबलं. जावई बुद्धाच्या मुलखात चाललाय म्हटल्यावर तिनं गावातल्या दुकानातून पांढऱ्या मेणबत्त्यांचा पुडा आणवला, रुमालात बांधला आणि त्याच्या हातात दिला. "जावईबापू, माझ्या नावानं तिथं लावा," एवढंच म्हणाली.

तो परत आला तेव्हा आम्ही दोघं गाडीवर तिच्याकडं गेलो. ओसरीत बसून त्यानं काय वर्णन केलं! "आत्या, काय सांगू तुम्हाला. या ओसरीएवढा लांब बुद्ध, सगळा सोन्याचा, उजव्या कुशीवर निजलेला. पायाशी बसलो, तुमच्या मेणबत्त्या लावल्या, पायावर डोकं टेकवलं. दोन्ही हात लावले पायाला. गार लागले, आत्या. रांजणासारखे गार."

आईनं त्याला दुरुस्त केलं. "निजलेला न्हाई वं. महापरिनिर्वाण ते." मग तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. सासूनं जावयाचे हात डोळ्याला लावले! तो बावरला. हात मागं घ्यायला बघत होता. तेव्हा मला वाटलं, लाजला. किती साधा आहे माझा नवरा, असंही वाटलं. हसू नका.

निघताना मी आईला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "आई, बुद्ध काय देव आहे का? बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं आणि तू परत पाया पडायच्या गोष्टी करतीस." ती म्हणाली, "मी कुठं देव म्हणून राह्यले? माणूसच व्हता की. माणसाच्या पायाला हात लावू न्हाई का?" शाळेत चाळीस पोरं गप करते मी, पण आईपुढं माझी बोलती बंद होते.

पुढं तो पायंडाच पडला. तो टूरला निघाला की आईचा मेणबत्त्यांचा पुडा, तो आला की आईचे डोळे आणि त्याचे हात. तिथून आणलेलं झोपलेल्या बुद्धाचं चित्र त्यानं फ्रेम करून तिच्या भिंतीला लावलं. मधल्या काळात तिला काचबिंदू झाला. एक डोळा गेला. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं आहे, गेलेलं येत नाही. भिंतीवरची फ्रेम तिला आता दिसत नाही. म्हणून तर ते हात तिला जास्तच लागायला लागले. सुनेला, शेजारणीला, येईल त्या माणसाला सांगायची, "आमचे जावई पायाला हात लावून आल्यात. गार व्हते म्हणे."

या वर्षी कंपनीत जुन्या साहेबाच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी डीलरांच्या बैठकीत जाहीर केलं, यंदाची टूर जोडीनं. एकट्याला तिकीट नाही. लोक सांगतात, हॉलमध्ये डीलरांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. दोघा-तिघांनी तर बायकोच्या पाठीचं दुखणं, लेकीची परीक्षा अशी कारणं पुढं करून पाहिली. बाई खमक्या निघाल्या. माझा नवरा घरी येऊन नुसतं म्हणाला, "तुला बी यायचंय." मी त्या दिवशी पुरण घातलं. एवढा आनंद!

निघायच्या आधी आईकडं गेलो. तिनं पुडा या खेपेला माझ्या हातात दिला. माझे हात चाचपून बघितले, बोटं मोजल्यासारखी धरली. "दर डाव जावई लावून येत्यात. या डाव तू लाव, आन पायाला हात लावून थेट माझ्याकडं ये. लेकीचे हात ते लेकीचे हात. मला आता दुसरं काही बघायचं न्हाई ऱ्हायलं."

"दोन्ही हात लावून येते, आई," मी म्हटलं. "येईपर्यंत धुणारसुद्धा नाही."

ती हसली. तो दारात उभा राहून गाडीची चावी बोटाभोवती फिरवत होता. "चल, उशीर होऊन राह्यला," म्हणाला.

तर असे आम्ही बँकॉकला पोचलो. सगळ्यांना कंपनीनं एकसारखे पिवळे टी-शर्ट आणि टोप्या दिल्या होत्या. बायांनी ते साडीवरून घातले, कुणी पंजाबी ड्रेसवरून. आमच्या घोळक्याकडं बघून तिथली माणसं हसत होती आणि आम्हीसुद्धा एकमेकींकडं बघून हसत होतो. स्वयंपाकाला जालन्याहून महाराज नेलेला. त्यामुळे इतक्या लांब जाऊन रात्री पिठलं आणि ठेचा.

शहर म्हणाल तर डोळे फिरतात. डोक्यावर विजेच्या तारांची ही भेंडोळी, वरून रेल्वे, खाली गुलाबी टॅक्स्या, फुटपाथवर जिथं बघावं तिथं कढया, तळण, धूर, माणसं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून खातायत. गर्मी आपल्यासारखीच, पण चिकट. आणि एवढ्या धबडग्यात मधेच कोपऱ्यावर फुलं वाहिलेलं छोटं देवघर, आणि भगव्या चीवरातले भन्तेजी शांतपणे रस्ता ओलांडताना. माझे हात आपोआप जोडले गेले. "वंदामि भन्ते," मी म्हटलं. म्हातारे भन्तेजी थांबले, हसले, मान हलवली आणि गेले.

तेवढ्यात मागून एक डीलरीणबाई म्हणाली, "मॅडमचं तर माहेरच आलं की!"

सगळे हसले. त्या हसण्यात काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. मी वळून बघितलं तर माझा नवराही हसत होता. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं. मला ते तेव्हा नुसतं खटकलं.

बाकी तो तिथं घरच्यासारखा वावरत होता. बाजारात कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून भाव पाडायचा. हॉटेलच्या दारवानानं त्याला बघून 'हॅलो बॉस' म्हणत सलाम ठोकला. आमचे पुरुष पुढं, आम्ही पिशव्या घेऊन मागं. काही काही गल्ल्या आल्या, दारात नटलेल्या पोरी बसलेल्या दिसल्या, की हे सगळे पुढारी एकदम खाली बघून चालायला लागायचे, शाळेतली पोरं हेडमास्तर दिसल्यावर चालतात तसे. आम्ही बाया मागं तोंडाला पदर लावून हसत होतो. हसत होतो, पण आतून प्रत्येकीचं काय होत होतं ते प्रत्येकीला ठाऊक. मी मात्र निवांत होते. माझ्या नवऱ्याकडं दाखवायला बुद्ध होता.

"बुद्धाकडं कधी जायचं?" मी रोज सकाळी विचारायची.

"उद्या."

उद्या समुद्रातलं बेट झालं. मग प्राण्यांचं उद्यान झालं. मग दागिन्यांचं एक थंडगार दुकान झालं, जिथं कुणाला काही घ्यायचं नव्हतं. शहर बघायच्या दिवशी विहार कार्यक्रमात होतं, पण बसमध्ये सगळ्यांनी ठरवलं की त्यापेक्षा मॉलला जाऊ. मी उभी राहिले. "मला बुद्धाकडं जायचंय. कार्यक्रमात लिहिलंय तसं." पुढच्या सीटवरून कुणीतरी खाकरलं. नवऱ्यानं माझी ओढणी खाली ओढली. "बस खाली. कशाला तमाशा? आपण दोघं जाऊ नंतर."

ते नंतर शेवटच्या दिवसावर आलं. बाकीचे खरेदीला गेले आणि मी मेणबत्त्यांचा पुडा पर्समध्ये घालून हॉटेलच्या दारात उभी राहिले. तशीच उभी राहिले, तो येईपर्यंत. त्याला यावंच लागलं.

रिक्षावाल्याला तो म्हणाला, "बुद्धा टेंपल." रिक्षावाला हसला. त्या शहरात बुद्धाची देवळं आपल्याकडच्या मारुतीच्या देवळांसारखी, गल्लोगल्ली. कुठलं, असं त्यानं हातानं विचारलं. हा माझ्याकडं बघायला लागला.

"अहो, तीनदा गेलात ना? नाव माहीत नाही?"

"नाव कोण ध्यानात ठेवतं? तेव्हा बसनं गेल्तो."

मी मोबाइलमधला आईच्या भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो दाखवला. रिक्षावाल्यानं एका नजरेत ओळखला आणि रिक्षा काढली. मला तरीही शंका आली नाही. वाटलं, विसरला असेल. माझं निम्मं आयुष्य असं या माणसाच्या वतीनं कारणं शोधण्यात गेलंय.

तिकीट काढून आत गेलो. पायातलं काढून पिशवीत घालायचं असतं, ती पिशवी बरोबर घेऊन फिरायचं. माझ्या चपला, त्याचे बूट एका पिशवीत, पिशवी त्याच्या हातात. दारातून आत पाऊल टाकलं आणि मान वर केली.

काय सांगू! आधी नुसता चेहरा दिसतो, खांबांच्या वर, छताला टेकलेला. डोळे अर्धे मिटलेले. एवढं सोनं आणि त्या सोन्यात एवढी शांतता. आईला काय सांगू, कसं सांगू, हे मनात जुळवायला लागले होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"बाप रे! येवढा मोठा असतो व्हय!"

तो माझा नवरा होता. तोंड उघडं टाकून वर बघत होता.

क्षणभर मला कळलंच नाही की मी काय ऐकलं. मग कळलं. मी चालायला लागले. डोक्याकडून पायाकडं चालत जायचं असतं तिथं. आईच्या ओसरीएवढा म्हणाला होता हा. ओसरी कसली, आमच्या शाळेची एका ओळीतली सगळ्या खोल्यांची इमारत आडवी ठेवली तरी पुरली नसती. मागच्या बाजूनं नाण्यांचा छन् छन् आवाज येत होता, लोक तिथल्या भांड्यांत एकेक नाणं टाकत पुढं जात होते. मी खांबांमागून खांब ओलांडत पायापाशी पोचले.

पाय माझ्या डोक्याच्या वर होते. नवऱ्याच्याही. एकेक तळवा दारापेक्षा मोठा, त्यावर शिंपल्यांची नक्षी. आणि पुढं कठडा. मी हात लांब केला तर उभ्या असलेल्या रखवालदारानं मान हलवली आणि पाटीकडं बोट केलं. हात लावायचा नाही. कुणीच नाही. गोरे, काळे, तिथले, बाहेरचे, सगळे कठड्याच्या अलीकडं.

मी वळले. "तुम्ही कुठून हात लावला?"

"तेव्हा कठडा नव्हता."

मी कठड्याकडं बघितलं. लोकांच्या हातांनी त्याचा रंग झिजून गेला होता.

"डोकं कुठं टेकवलं? शिडी लावली होती का?"

"हळू बोल. लोक बघून राह्यले."

"बघू देत. मराठी कुणाच्या बापाला कळतंय इथं? गार लागले म्हणालात ना? रांजणासारखे?"

मग मीच बाहेर आले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्या जागी मला ओरडायचं नव्हतं.

बाहेर झाडाखाली एक बाक होता. तो शेजारी येऊन बसला, मांडीवर चपलांची पिशवी. पिशवीचा बंद पिळत होता. मग म्हणाला, "टूरमधी टाइमच नसतो."

"तीनदा?"

"तुला न्हाई समजायचं. पंचवीस डीलर असत्यात. आपला मी एकटा. दुकानात येतो तेव्हा भाऊ, भाऊ करत्यात, जेवायला शेजारी बसत्यात. मी म्हणलो की मला बुद्धाकडं जायचंय, तर त्या दिवसापासून मी त्यांचा भाऊ न्हाई, 'तो त्यांच्यातला' होतो. परवा तू रस्त्यात हात जोडले तर काय म्हणाले ऐकलं ना? त्यांच्यात त्यांच्यासारखंच राहावं लागतं. ते जातील तिकडं जायचं. कुठं जात्यात ते तुला माहितीये."

हे तो खरं बोलत होता. मला माहीत आहे खरं बोलत होता. दुकानात त्यानं बाबासाहेबांचा फोटो का लावला नाही, यावर आमचं एकदा भांडण झालं होतं, तेव्हाही तो असाच बोलला होता. मला वाईट वाटलं. एवढा धडधाकट माणूस, धंदा चालवणारा, आणि त्या पंचवीस जणांपुढं हा असा चोरून राहतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवणारही होते.

पण मला आईचे डोळे आठवले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "त्यांच्यापुढं जमलं नाही. मान्य. कुठं गेलात तेही मी विचारणार नाही, माझ्या जिवाला घोर नको. पण आईपुढं कोणते डीलर होते? तिला सांगायचं होतं, आत्या, नाही जमलं. ती काय तुम्हाला फाशी देणार होती? तिनं हात धरला तेव्हा तुम्ही हात दिला कसा?"

"तिला बरं वाटलं ना? मंग? कुणाचं काय गेलं?"

"मेणबत्त्या कुठं गेल्या?"

मी परत विचारलं. मला खऱ्याचा तो तुकडा हवाच होता, कितीही लागला तरी.

"पहिल्या डाव हॉटेलातच राह्यल्या. दुसऱ्या डाव..." तो थांबला. "एकाचा बर्थडे आल्ता. केकवर लावायला मेणबत्ती न्हवती."

मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. शेजारच्या बाकावरची बाई दचकली. माझ्या आईच्या रुमालातल्या मेणबत्त्या कुठल्या तरी डीलरच्या केकवर! हॅपी बर्थडे म्हणून टाळ्या वाजवल्या असतील सगळ्यांनी. यानंही वाजवल्या असतील.

मी उठले. तिथंच पलीकडं एका लहान मूर्तीसमोर बाया मेणबत्त्या लावत होत्या. मी पुडा सोडला आणि एकेक करून सगळ्या लावल्या. वारा होता, विझायच्या, परत लावायची. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई गुडघ्यावर बसून पुटपुटत होती. आधी कळलं नाही, चाल वेगळी होती. मग कानाला ओळख पटली. बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. तेच शब्द! मी तिच्या चालीत माझे शब्द मिसळले. तिनं माझ्याकडं बघितलं, जरा सरकली आणि मला जागा दिली. त्या सगळ्या प्रवासात मला मिळालेली तेवढीच एक जागा. मागं वळून बघितलं तर तो चपलांची पिशवी धरून लांब उभा होता. आला नाही.

परतताना रिक्षात मी त्याला एकच गोष्ट सांगितली. "आईला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. मी सांगणार नाही, पण मी खोटंही बोलणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला. रस्त्याकडं बघत म्हणाला, पण म्हणाला. "सांगतो, गेल्या गेल्या सांगतो."

मला खरं वाटलं. बघा, तरीही खरं वाटलं.

घरी येऊन बॅगा उघडायच्या आधी आम्ही आईकडं गेलो. उसाच्या बांधावरून गाडी चालली होती. आई ओसरीत बसून होती. भावजयीनं सांगितलं, सकाळपासून अशीच बसलीय, डोकं विंचरून, पांढरं पातळ नेसून.

"आलीस?" तिनं हात पुढं केले. "लावला?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता. भिंतीवर त्यानंच लावलेली फ्रेम. मी वाट बघितली. तो घसा साफ करतोय असं वाटलं, पण नाही केला.

"मेणबत्त्या लावल्या, आई," मी म्हटलं. "सगळ्या. माझ्या हातानं. वंदना म्हटली. पण पायाला हात नाही लावला."

"काहून?"

"लावू देत नाहीत. कठडा आहे."

तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. तिनं हळू विचारलं, "बायांना न्हाई लावू देत व्हय? तिथंबी?"

"नाही गं आई! बायांचं काही नाही त्यात. कुणालाच लावू देत नाहीत. बाई नाही, बाप्या नाही. कुणालाच."

तिनं मान त्याच्या दिशेनं वळवली, जिथं तो उभा आहे असं तिला वाटलं त्या दिशेनं. "जावईबापू, तुम्ही लावलाय ना वं?"

आता. आता तरी, मी मनात म्हटलं. भावजय आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती पण थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या नजरेला नजर दिली, एवढी कधी आयुष्यात दिली नसेल.

"लावलाय, आत्या," तो म्हणाला.

आईचा जीव भांड्यात पडला. तोंडावर हसू आलं. "बघ!" ती मला म्हणाली. "मनापासून मागितलं तर लावू देत्यात. तू मास्तरीण, गेली असशील तिथंबी हुज्जत घालत. तुझ्या तोंडापायी राह्यलं ते. लहानपणापासून अशीच."

तिनं हवेत हात फिरवून त्याचे हात शोधले. तो पुढं झाला, वाकला आणि हात दिले. या खेपेला बावरला नाही. तिनं ते दोन्ही हात दोन्ही डोळ्यांना लावले, एका गेलेल्या आणि एका जाणाऱ्या. मग त्याचे हात सोडून तिनं माझे धरले, अंगठ्यानं तळव्यावरून दोनदा कुरवाळले आणि माझ्या मांडीवर परत ठेवले.

"जाऊ दे बाई," ती म्हणाली, "रडू नको. तुझे रिकामे आले तर आले. यांचे हायत ना."